दिवाळी अंकांना ब्लेड लावू नका

जुने अंक, पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या जमवणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती. दीनानाथ दलालांचं किंवा रघुवीर मुळगावकरांचं चित्र भिंतीवर हवं म्हणून दिवाळी अंक फाडू नका. अंकातून कापून फ्रेम केलेलं चित्र विकायला आलं तर घेऊही नका. हल्ली हे सर्रास चालतं. अख्ख्या अंकापेक्षा त्यातली चार रंगीत पानं सुटी विकली की जास्त पैसे येतात, एवढाच हिशेब. उरलेला अंक रद्दीत.

रद्दीत काय जातं ते तरी बघा. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला. चित्रकारानं काढलेला अंक तो! कथेच्या शीर्षकाची अक्षरं कशी वळली आहेत, चित्राशेजारी मजकुराला किती जागा सोडली आहे, मुखपृष्ठ उलटल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, हे सगळं अंक हातात असतानाच कळतं. आणि जाहिराती? केशतेलं, साबण, दंतमंजनं. त्या काळच्या मराठी घरात काय आणलं जायचं आणि कशाची हौस होती, ते त्या पानांवर आहे. मी तर त्या कथांइतक्याच आवडीनं वाचते. संपादक का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे साहित्य आणि चित्रकला एकाच बांधणीत घरोघर पोचत आली. आर्ट गॅलरीची पायरी न चढलेल्या माणसांनीही दलाल पाहिले ते असे, मांडीवर अंक घेऊन.

गाण्याच्या संग्रहातही हेच ब्लेड फिरतं. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. सुरुवातीला ध्वनिमुद्रण इथे होई, पण तबकड्या छापून येत जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणारे शेवटी स्वतःचं नाव सांगत, असं मानतात. १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या गौहर जानचं ‘माय नेम इज गौहर जान’ त्यातलंच. आज जुनी गाणी ‘स्वच्छ’ करताना काही जण नेमका तो उद्गार छाटून टाकतात. एवढ्याशा वेळात राग उभा करून, त्याच दमात ठसक्यात आपलं नाव घेणारी ती बाई मला गाण्याइतकीच हवी आहे. खरखर कमी करा, हरकत नाही. नावाला हात लावू नका.

लेखकाची सही असलेलं पान पुस्तकातून काढून विकणारेही आहेत. त्याबद्दल काय बोलावं! सही कुठल्या पुस्तकावर, कुणासाठी केली होती हेच गेलं, तर हाती उरते फक्त शाई.

चित्र भिंतीवर हवंच असेल तर अंक न उसवता नीट स्कॅन करा आणि घरापुरतं छापून घ्या. अंकाला लॅमिनेशन नको. सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागद खातो. गंजलेल्या पिना हळूच काढून दोऱ्यानं शिवा. अंक आडवे ठेवा, पावसाळा संपला की कपाट उघडून कसर लागली आहे का पाहा.

आणि ज्यांच्याकडे कापलेली चित्रं आधीच आली आहेत, त्यांनी ती टाकू नयेत. कुठल्या अंकातलं, कुठल्या वर्षीचं हे माहीत असेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहून ठेवा. तोच अंक, तेवढं एक पान नसलेला, कुणाच्या तरी कपाटात असेल.