केसपेपरवरची तीन अक्षरे

‘एचसीआर’ ही तीन अक्षरे कॅज्युअल्टीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. ‘हिस्टेरिकल कन्व्हर्जन रिअॅक्शन’ असा त्यांचा अर्थ, म्हणजे मानसिक कारणांनी येणारे झटके किंवा तशी शारीरिक लक्षणे. अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणाने १९८० मध्येच ‘हिस्टेरिया’ हे निदान वगळले, पण आमच्याकडे ही अक्षरे केसपेपरवर उमटली की सगळ्यांचा सूर बदलत असे. परिचारिका म्हणून माझाही बदलत असे, हे आधीच कबूल करते.

डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलते आहे, झटका कमीजास्त होत लांबत चालला आहे, यावरून ही मिरगी, म्हणजे अपस्मार, नसावी असा आमचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघे. चूक होती ती त्यापुढच्या वाक्यात: ‘काही नाही, नाटक आहे.’ मग छातीच्या हाडावर मुठीने रगडायचे, नाकाशी अमोनियाचा बोळा धरायचा. चप्पल हुंगवणाऱ्या नातेवाइकांवर मात्र आम्हीच ओरडत असू! अशाच एका मुलीने शुद्धीवर आल्यावर मला हळूच सांगितले, “सिस्टर, मला सगळं ऐकू येत होतं.”

मानसिक कारणांनी येणाऱ्या या झटक्यांत व्हिडिओ ईईजीवर, म्हणजे झटक्याचे चित्रण करतानाच मेंदूतील विद्युत लहरी टिपणाऱ्या तपासणीत, अपस्माराच्या लहरी दिसत नाहीत. परंतु लहरी नसणे म्हणजे रुग्ण मुद्दाम करतो आहे असे नव्हे. शरीरावरचा ताबा खरोखरच सुटलेला असतो. शिवाय काहींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, त्यामुळे केवळ पाहून निकाल देणे धोक्याचे. २००२ मधील एका जर्मन अभ्यासात योग्य निदानाला सरासरी सात वर्षांहून अधिक काळ लागल्याचे आढळले होते. तोवर अपस्माराच्या गोळ्या चालू राहतात आणि कधी झोपेच्या इंजेक्शनांचा इतका मारा होतो की श्वास मंदावून रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो.

आमच्या तिरस्काराचे मूळ केवळ अज्ञानात नव्हते. रात्री दोन वाजता खाट अडलेली, बाहेर हृदयविकाराचा रुग्ण ताटकळलेला, आणि इथे सगळे रिपोर्ट नॉर्मल. आपली फसवणूक झाली असे वाटायचे. थकव्याचे हे कारण मला समजते, मात्र त्याची किंमत रुग्णाने का मोजावी, हे समजत नाही.

झटके खरे आहेत, तुम्ही ते मुद्दाम करत नाही, हा अपस्मार नाही आणि यावर मानसोपचार आहेत, एवढे शांतपणे सांगितल्यावरच काहींचे झटके कमी होतात. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. म्हणून नव्या सिस्टरांना मी सांगते, की ती तीन अक्षरे लिहू नका. झटका किती वेळ चालला, डोळे उघडे होते की मिटलेले, एवढेच लिहा, आणि खाटेशेजारी उभे राहून ‘नाटक’ हा शब्द उच्चारू नका.