बायकांना खून लिहिता येत नाही म्हणे!

वाचनवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: रहस्यकथा पुरुषांनी घडवली, बायका मागाहून आल्या. त्यांचे खून म्हणजे चहात विष. तपास, कायदा त्यांना झेपत नाही. आणि मुंबईची गुन्हेगारी म्हणजे टोळ्या, तिथे बाईमाणसाने काय लिहायचं?

मागाहून? अमेरिकेच्या अ‍ॅना कॅथरीन ग्रीनची ‘द लेव्हनवर्थ केस’ १८७८ची. शेरलॉक होम्स अवतरला १८८७ साली. पुढे.

विषाचं जरा सविस्तर सांगते. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम करायची. १९२०च्या पहिल्याच कादंबरीत तिने स्ट्रिक्नीनच्या टॉनिकमध्ये (थोडं असलं तर औषध, जास्त झालं तर जहर) ब्रोमाइड हा क्षार घातला. त्याने स्ट्रिक्नीन तळाशी बसतं आणि शेवटच्या डोसाबरोबर सगळं एकदम पोटात जातं. (शंभर वर्षं उलटली, रहस्य फोडलं म्हणून कुणी भांडायला येऊ नये.) खुनी तेव्हा घरात असायचीही गरज नाही. याला कुणी चहातली पुडी म्हणत असेल तर त्याने पुस्तक उघडलेलं नाही.

तपास झेपत नाही म्हणे. रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या पी. डी. जेम्स ब्रिटनच्या गृहखात्यात फौजदारी कामकाज पाहायच्या.

राहिली मुंबई. स्टॉलवर बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांचंच राज्य होतं, हे मान्य. अर्नाळकरांच्या झुंजारवर आपणही जीव टाकला. पण म्हणून या शहरातले सगळे गुन्हे टोळ्याच करतात का? कल्पना स्वामीनाथन मुंबईतल्या सर्जन, त्या इंग्रजीत लिहितात. त्यांची गुप्तहेर लल्ली ही साठी ओलांडलेली, पोलिसातून निवृत्त झालेली बाई. तिच्या कथांना डॉन लागत नाही.

आणि सुजाता मॅसी. राहतात अमेरिकेत, पण २०१८ची त्यांची कादंबरी आहे १९२१च्या मुंबईतली. मलबार हिलच्या बंगल्यात एका मुस्लिम गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात. तिघी आपला मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याकडून बायकोला ठरलेली रक्कम, वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकायला निघाल्या आहेत. खरंच स्वखुशीने, की कुणी सह्या करवून घेतोय? फोर्टात वडिलांच्या वकिली फर्ममध्ये काम करणाऱ्या परवीन मिस्त्रीला शंका येते. कोर्टात उभं राहायची तिला मुभा नाही, बायकांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला १९२३ला. पण जनान्यात ती जाऊ शकते, प्रत्येकीला एकटीला गाठून विचारू शकते. परवीनच्या जागी कितीही नामांकित पुरुष वकील बसवून बघा. विधवांच्या वतीने बोलणारा कारभारी त्याला दिवाणखान्यात बसवेल, कागद पुढे करेल, आणि तो सगळ्या सह्या ठीक आहेत म्हणून परत फोर्टात जाईल.