फार्मसीचे संशोधन औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचायला हवे

फार्मसी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एम.फार्म.चे, म्हणजे फार्मसीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे, प्रबंध पाहिले, तर विषयांचे साम्य लगेच जाणवते: अमुक औषधाची सस्टेन्ड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) टॅब्लेट, तमुक मिश्रणासाठी एचपीएलसी (यंत्राने घटक वेगळे करून मोजण्याची) पद्धत, एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा उंदरांवरील परिणाम. हे काम निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी या शिक्षणाचा पाया घातला, तेव्हा देशाला औषधनिर्मिती जाणणारी माणसे हवी होती आणि ती या शिक्षणाने दिली. पण औषध तयार झाल्यावर ते रुग्णाच्या घरी कसे घेतले जाते, हा प्रश्न आजही आमच्या संशोधनाच्या कडेलाच राहिला आहे.

मधुमेहाच्या एखाद्या वयस्कर रुग्णाचे उदाहरण घ्या. गावातले डॉक्टर ग्लिमेपिराइड एका ब्रँडने लिहून देतात, शहरातले तज्ज्ञ तेच औषध मेटफॉर्मिनसोबतच्या गोळीतून दुसऱ्या नावाने देतात, आणि दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या मेडिकलमध्ये गेल्यामुळे आजोबा दोन्ही गोळ्या घेत राहतात. मग साखर एकदम उतरते आणि घरचे त्याला अशक्तपणा समजतात. रक्तदाबासाठीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पायावर सूज येते, आणि ती औषधामुळे आहे हे लक्षात न आल्यास सूज उतरवायला लघवीची आणखी एक गोळी सुरू होते. एका तालुक्यातल्या चिठ्ठ्या तपासून अशा घटनांची नोंद करणे हा उत्तम प्रबंधविषय आहे, आणि त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

असे विषय का निवडले जात नाहीत, याची कारणे मला शिक्षक म्हणून ठाऊक आहेत. संशोधनाला तिसरे आणि चौथे अशी दोनच सत्रे मिळतात, तेवढ्यात रुग्णांवरील संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी, डॉक्टरांचे सहकार्य आणि रुग्णांची संमती मिळवणे अवघड जाते, तर टॅब्लेटचे डिझोल्यूशन, म्हणजे ती विरघळण्याची चाचणी, ठरल्या वेळेत पूर्ण होते. शिवाय आम्हा गाइडचे स्वतःचे शिक्षणही प्रयोगशाळेतच झालेले असते. २००८ पासून रुग्णालयातील औषधोपचारावर भर देणारा सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम सुरू झाला खरा, पण इंटर्नशिप संपल्यावर या मुलांना वॉर्डात सामावून घेणारे पद क्वचितच मिळते. डी.फार्म. या पदविकेच्या पाचशे तासांच्या प्रशिक्षणाचेही काही ठिकाणी केवळ शिक्क्यावर निभावते, याचे मला फार वाईट वाटते, कारण चिठ्ठी वाचून प्रश्न विचारायची सवय तिथेच लागायची असते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि काही औषध दुकानांशी कायमचा करार करावा, एथिक्स कमिटीची परवानगी विद्यार्थ्यागणिक नव्हे तर दीर्घ प्रकल्पासाठी घ्यावी, आणि एका तुकडीने गोळा केलेली माहिती पुढच्या तुकडीने पुढे न्यावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचा फॉर्म फार्मासिस्टही भरू शकतो, एम.फार्म.च्या पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याला तो वॉर्डात बसून भरायला शिकवावे.