‘एकच घ्या, पण चांगली घ्या’ : बॅकअपच्या त्या मेसेजला माझं उत्तर

जूनच्या सुरुवातीला आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग तोच घोडबंदरच्या मेहुण्याने पाठवला, नेरुळच्या मावशीने पाठवला आणि दुकानात आलेल्या चार-पाच जणांनी फोन पुढे करून दाखवला. मजकूर थोडक्यात असा (एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह; हार्ड डिस्क ती फिरणाऱ्या प्लेटवर साठवते):

“कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी चांगल्या कंपनीची एकच एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या. अमुक कंपनीची कधी जात नाही, तमुक कंपनीची वर्षात जाते. शक्यतो एसएसडी घ्या, तिच्यात फिरणारं काही नसतं म्हणून ती बिघडत नाही. फोटो टाकून कपाटात ठेवा, वीस वर्षं बघायला नको. पाच वर्षांची वॉरंटी म्हणजे पाच वर्षं डेटा सुरक्षित. रोजचा बॅकअप असेल तर ड्राइव्ह कायम जोडून ठेवा. तपासणीचं सॉफ्टवेअर ‘गुड’ म्हणतंय तोवर काळजी नाही.”

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. गेलेल्या डिस्क घेऊन येणारी माणसं मी रोज बघतो, आणि त्यातल्या बहुतेकांनी नेमकं हेच केलेलं असतं: एकच घेतली, चांगली घेतली आणि तिच्यावर सगळा भार टाकला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कंपनीची गोष्ट, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटने घेतली, सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदाही २०११ मध्ये सीगेटकडेच गेला. आयबीएमचा विभाग हिताचीने घेतला होता, तो २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे आला. ट्रान्सेंड किंवा एडेटाच्या खोक्यात हार्ड डिस्क असेल तर ती या तिघांपैकीच कुणाची तरी असते. तेव्हा खोक्यावरचं नाव बघून ‘ही टिकते, ती टिकत नाही’ म्हणण्यात फार अर्थ नाही.

मग मोजून ठेवलेलं काही आहे का? आहे. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली साठवणुकीची सेवा देणारी कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या हजारो डिस्कचा २०१३ पासूनचा हिशेब जाहीर करत आली आहे. वर्षभरात बंद पडलेल्या डिस्कचं प्रमाण तिथे २०२१ मध्ये १.०१ टक्के, २०२२ मध्ये १.३७ टक्के आणि २०२३ मध्ये १.७० टक्के होतं. त्या तक्त्यांमध्ये कंपनीपेक्षा मॉडेलचा फरक मोठा दिसतो. सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल तिथे इतकं वाईट निघालं की ते त्यांना काढून टाकावं लागलं, आणि त्याच सीगेटचं ४ टीबीचं मॉडेल त्या मानाने कितीतरी चांगलं चाललं. शिवाय या साडेतीन इंची डिस्क आहेत, थंड हॉलमध्ये रॅकमध्ये स्क्रूने बसवलेल्या. आपली अडीच इंची डिस्क लोकलच्या गर्दीत बॅगेत असते, सोफ्याच्या हातावर ठेवलेली असते, तिच्या केबलशी नातवंडं खेळतात. त्या आकड्यांवरून आपल्या डिस्कचं आयुष्य काढता येत नाही. एवढं मात्र कळतं की उत्तम देखभालीतसुद्धा शंभरातली एक-दोन दरवर्षी जातात, आणि ती आपली नसेल असं कुणी सांगू शकत नाही.

चरईतल्या एक निवृत्त शिक्षिका मागच्या पावसाळ्यात आल्या. त्यांना मी बाईच म्हणतो. पिशवीतून रुमालात गुंडाळलेली २ टीबीची डिस्क काढली. “अरे, चांगल्या कंपनीची आहे रे, मुलाने तिकडून आणलेली,” हे त्यांचं पहिलं वाक्य. डिस्क चालू असताना नातवाच्या पायात केबल अडकली आणि ती सोफ्यावरून फरशीवर आली. उंची दीड फूटसुद्धा नसेल. मी जोडली. प्लेट फिरल्याचा आवाज आला, मग टक, टक, टक, आणि मोटर थांबली. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा मी जोडली नाही, कारण बिघडलेलं हेड (माहिती वाचणारा भाग) प्लेटवर घासलं तर होता तो डेटाही जातो. (कुणाची डिस्क असा आवाज करत असेल तर ती ‘एकदा बघू या’ म्हणून पुन्हा पुन्हा लावू नका, ही हात जोडून विनंती.) बिघाड वरच्या डब्यातल्या सर्किटचा असता तर आतली डिस्क काढून सरळ दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली असती. तीही सोय नव्हती. अनेक छोट्या एक्स्टर्नल ड्राइव्हमध्ये यूएसबीचं पोर्ट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. तिच्यात बाईंच्या यजमानांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवली, तरी थोडाच भाग परत मिळाला.

कंपनी चांगलीच होती. प्रत मात्र एकच होती.

‘एसएसडीत फिरणारं काही नसतं म्हणून ती बिघडत नाही.’ यातला पहिला भाग खरा आहे. पडण्याची भीती असेल, रोज बॅगेत न्यायची असेल, लग्नाचं शूटिंग करून रात्री परतायचं असेल, तर एसएसडीच घ्या, मीही तेच सांगतो. पण एसएसडीचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) किंवा फर्मवेअर (त्या चिपमधलं सॉफ्टवेअर) बिघडलं तर ती बऱ्याचदा काही न सांगता जाते. हार्ड डिस्क निदान आधी हळू होते, आवाज करते. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या नावाजलेल्या पोर्टेबल एसएसडींबद्दल अशाच तक्रारी जगभर आल्या आणि सॅनडिस्कची तेव्हाची मालक असलेल्या वेस्टर्न डिजिटलला फर्मवेअरची दुरुस्ती काढावी लागली. नावाजलेली, महाग, फिरणारा भाग नसलेली, तरी हे झालं.

आणि कपाटात वीस वर्षं? एसएसडीतली माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवलेला विद्युतभार. वीज नसताना तो हळूहळू झिरपतो, आणि उष्णता वाढली की लवकर झिरपतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची सामान्य एसएसडीसाठीची अट अशी: लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपेपर्यंत वापरलेली एसएसडी वीज न देता ३० अंश सेल्सिअसला ठेवली तर माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. कमी वापरलेली नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, घाबरून जायचं कारण नाही. पण वीस वर्षांचं वचन त्यात कुठेही नाही, आणि मे महिन्यात ठाण्यातल्या बंद घरातलं कपाट ३० अंशांवर थांबत नाही.

एसएसडीच्याच नावाखाली आणखी एक फसवणूक चालते. गेल्या दिवाळीत एक ग्राहक ‘१६ टीबी एसएसडी’ घेऊन आला, ऑनलाइन दोन हजारांच्या आत मिळालेली. कॉम्प्युटर १६ टीबी दाखवत होता, फोटो मात्र उघडत नव्हते. स्पजरने, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या हत्याराने, डबा उघडला. आत मेमरी कार्डाचा एक छोटा रीडर, त्यात एक मायक्रोएसडी कार्ड, आणि वजन भासावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. असल्या कार्डाचं फर्मवेअर खोटं माप सांगतं आणि खरी जागा संपली की जुन्यावर नवं लिहीत राहतं. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून पुन्हा वाचतं, त्यात हे पकडलं जातं. (उलट, २ टीबीची खरी डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

वॉरंटीबद्दल एकच वाक्य पुरेसं आहे: बंद पडलेल्या डिस्कच्या बदल्यात डिस्क मिळते, तीही रिकामी. काही मॉडेलसोबत रिकव्हरीची सेवा येते, पण तीही प्रयत्नाची हमी असते, डेटाची नाही.

‘कायम जोडून ठेवा’ हा मात्र त्या मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा सल्ला आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं की जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह त्याला सारखीच; मूळ फाइल आणि बॅकअप एकाच वेळी कुलूपबंद होतात. हे आपल्यापासून लांबचं नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं असंच सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा न्हावा शेवाला, जेएनपीटीतलं मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. ट्रक आणि कंटेनर खोळंबले. मर्स्कच्या जगभरच्या नेटवर्कची किल्ली असलेले सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवायचे, आणि सगळे सतत जोडलेले असल्यामुळे एकदमच गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एका प्रतीवरून कंपनीने पुन्हा उभारणी केली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे वाचवू शकलं ते घरी आपण केबल काढून करू शकतो.

विजेचंही तेच. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लिहिणं चालू असताना वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल खराब होऊ शकते. एक्सफॅट फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तर जास्तच, कारण एनटीएफएससारखी बदलांची नोंदवही त्यात नसते (ही दोन्ही डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतींची नावं). फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएसच ठेवा, आणि बॅकअप झाला की इजेक्ट करून डिस्क काढा.

राहिलं तपासणीचं सॉफ्टवेअर. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचतं, जरूर वापरा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या जागांचा, आकडा शून्याच्या वर सरकू लागला की डिस्क बदला. पण ‘गुड’ म्हणजे ठणठणीत असा अर्थ घेऊ नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी छत्तीस टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान सोडलं तर, या नोंदींत एकही इशारा दिला नव्हता.

मग घ्यायचं काय? मी दोन साध्या अडीच इंची हार्ड डिस्क घ्यायला सांगतो, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत येणार नाही. आपल्या डेटाच्या दुप्पट मापाच्या, बिलासकट, अधिकृत विक्रेत्याकडून. परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन्ही एकदा काठोकाठ भरून वाचून बघा, कारण जन्मजात दोष सुरुवातीलाच बाहेर पडतात. भरताना वेग सुरुवातीला चांगला असेल आणि मग एकदम पडेल. तेव्हा केबल ओढू नका. अशा बऱ्याच डिस्कमध्ये माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून मोठं लिखाण संथ होतं. बॅकअपला हा संथपणा चालतो. आणि दोन्ही डिस्क एकाच घरात नकोत. २६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा आणि वरचा कप्पा यात फार फरक उरला नव्हता.

नेरुळच्या मावशीला तिच्या मेसेजचं उत्तर म्हणून मी हेच करून दिलं. निळ्या स्टिकरची डिस्क तिच्याकडे, लाल स्टिकरची माझ्याकडे. महिन्यातून एका रविवारी मी ट्रान्स-हार्बर लोकलने जातो, लाल डिस्क लावून ताजी प्रत घेतो, ती तिथे ठेवतो आणि निळी घेऊन येतो. निघण्याआधी दर वेळी तिच्या लॅपटॉपवर डिस्कमधली एखादी फाइल तिलाच उघडायला लावतो, कुठलीही, तिच्या मनाची. मागच्या वेळी तिने काकांचा साठीचा व्हिडिओ लावला आणि तो संपेपर्यंत मला उठू दिलं नाही.