स्कार्लेट म्हणजे नुसते हिरवे डोळे नव्हेत

‘गॉन विथ द विंड’ची पुढची गोष्ट सांगणाऱ्या १९९४ च्या ‘स्कार्लेट’ या टीव्ही मालिकेचा विषय निघाला की लोक एका वाक्यात फुली मारतात: तिच्यातली स्कार्लेट, जोन व्हॉली, काही जुन्या सिनेमातल्या व्हिव्हियन लीसारखी दिसत नाही. मला हे कारण अजिबात पटत नाही. त्यामुळे खरी चूक बाजूलाच राहते.

दिसण्याचं म्हणाल, तर मार्गारेट मिचेलने ‘गॉन विथ द विंड’ या मूळ कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय की स्कार्लेट सुंदर नव्हती, पण तिची भुरळ पडलेल्या पुरुषांच्या ते क्वचितच लक्षात यायचं. फिकट हिरवे डोळे, वर चढत जाणाऱ्या दाट काळ्या भुवया, १७ इंची कंबर, हे सगळं त्यानंतर. ‘ब्रिटिश नटी कशाला?’ हाही मुद्दा टिकत नाही. ली ब्रिटिशच होती, जन्म तर आपल्या दार्जिलिंगचा.

स्कार्लेटला लागतं ते वेगळंच. एकाच क्षणी दोन गोष्टी दिसाव्या लागतात: ती काय दाखवतेय आणि मनात कसला हिशोब चाललाय. १९३९ च्या सिनेमातला अटलांटाचा मेळा आठवा. नवरा गेलेला, अंगावर काळे कपडे, स्टॉलमागे उभी. चेहरा सुतकातला आणि खाली पाय मात्र नाचाच्या तालावर हलतायत! पुढे ‘तारा’ हा घरचा मळा वाचवायला ३०० डॉलर हवेत म्हणून पडद्याच्या हिरव्या मखमलीचा ड्रेस शिवून ती तुरुंगात ऱ्हेटला, म्हणजे पुढे तिचा नवरा होणाऱ्या माणसाला, भेटायला जाते. वरवर लाडीगोडी, आत नुसती पैशांची चिंता. ऱ्हेट तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा करतो. शेतात राबून खरखरीत झालेला तो तळवा पाहतो आणि सोंग उघडं पडतं. त्या क्षणी लीच्या चेहऱ्यावर आधी भीती येते, मग राग आणि लगेच पुढची चाल. फार तर चार-पाच सेकंदांचा खेळ.

व्हॉली वाईट अभिनेत्री नाही. ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’मधली तिची नर्स बघा, किती शांत आणि नेमकी आहे. पण तिचा चेहरा एका वेळी एकच भावना सांगतो, आणि ती खरी सांगतो. दुःख झालं की दुःखच दिसतं. भोळ्या, सोशीक नायिकेला हे शोभून दिसेल. स्कार्लेट मात्र त्यामुळे बिचारी होऊन जाते.

पटकथेने तर त्यात भरच घातली. मूळ स्कार्लेट ताराच्या जिन्यात घुसलेल्या यांकी, म्हणजे शत्रूच्या उत्तरेकडच्या फौजेतल्या, सैनिकाला स्वतः गोळी घालते, त्याच्याकडचे पैसे काढून घेते आणि प्रेताची विल्हेवाट लावते. मालिकेत लॉर्ड फेंटन तिच्यावर अत्याचार करतो, त्याच्या खुनाचा आळ तिच्यावर येतो, खटला उभा राहतो आणि तिला वाचवायला ऱ्हेट धावतो. हाताने करणारी बाई इथे सोसणारी झाली. अशा पटकथेसाठी नटी शोधायला निघालात तर सोसणारा चेहराच निवडला जाणार. (टिमोथी डाल्टनचा ऱ्हेट त्या मानाने तग धरतो. पण समोरून टोलाच येत नाही, तर तो तरी काय करणार?)

अशा भूमिकेची ऑडिशन घेताना रडण्याचा प्रसंग देऊ नये. रडून सगळ्याच दाखवतात. खोटं बोलण्याचा प्रसंग द्यावा. मग आवाज बंद करून चित्रण पाहावं. संवाद ऐकू येत नसतानाही ती खोटं बोलतेय हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि समोरच्या पात्राला ते का कळत नाही हेही पटलं पाहिजे. डोळे कधी हलतात तेही बघावं. शब्दाच्या आधी हलले तर विचार दिसतो. शब्दाबरोबरच हलले तर पाठांतर दिसतं.

मालिका ज्यावरून घेतली त्या अलेक्झांड्रा रिप्लेच्या कादंबरीची सुरुवातच मेलनीच्या अंत्यसंस्काराने होते. चाचणीला यासारखा प्रसंग शोधून सापडला नसता. मैत्रीण गेल्याचं दुःख शंभर टक्के खरं, गावाच्या नजरा पाठीवर, आणि सोडून गेलेला ऱ्हेट कुठेच नाही. मान खालीच ठेवून, तो आलाय का, हे जी पाहून घेईल, ती स्कार्लेट.