कोकनीपुढे वरात

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोकनी नावाचा मासा मिळतो. हे पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती मालवणात बसून बांगडे साफ करत होती.

"कोकणी मासो? थंय खंय इलो?"

मी म्हटलं, अगं कोकणी नव्हे, कोकनी. इथल्या मूळ लोकांच्या सॅलिश भाषेतला शब्द आहे, अर्थ 'लाल मासा'.

"मगे तांबोशी म्हण," ती म्हणाली आणि पुन्हा बांगड्यांकडे वळली.

तांबोशी नव्हे. हा जातीचा सामन, सॉकाय सामनचा सख्खा भाऊ. सॉकाय नदीतून समुद्रात जातो, दोन-तीन वर्षं खाऊनपिऊन तगडा होतो आणि अंडी घालायला गावाच्या नदीत परत येतो. थोडक्यात, चाकरमानी. यायची वेळसुद्धा साधारण गणपतीच्या आगेमागेच. कोकनी मात्र घर राखायला मागे राहिलेला. जन्म-मरण तळ्यात नाहीतर त्याच्या ओढ्यात, चार वर्षांचं आयुष्य, आणि खाणं काय, तर पाण्यात तरंगणारे टाचणीच्या डोक्याएवढे जीव. कल्ल्यांतल्या बारीक गाळणीने तो ते गाळून घेतो. भाऊ समुद्रात कोळंबी झोडतोय आणि हा घरी पेज पितोय. त्यामुळे एक-सव्वा फुटाच्या पलीकडे सहसा वाढत नाही.

आता पेज पिणाऱ्याला गरीला कसं लावायचं? लहानपणी मी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा प्रश्न सोपा होता. दोरा, गरी, कोळंबीचा तुकडा. मासा भुकेला असेल तर आला, नसेल तर आपण घरी. कोकनीला गांडूळ दाखवा, कोळंबी दाखवा, तो ढुंकून बघत नाही. यावर इथल्या लोकांनी शोधलेला उपाय मला माझ्या मेव्हण्याने सांगितला. त्याने गेल्या वर्षी एक जुनी बोट घेतली आहे आणि तेव्हापासून तो कुठल्याही विषयावर ठामपणे बोलतो.

"भाऊजी, त्याला खायला नाही घालायचं. त्याच्यासमोरून वरात काढायची."

वरातीचं सामान त्याने डबा उघडून दाखवलं. पहिला डॉजर. वीतभर लांबीचा, किंचित वाकवलेला धातूचा पत्रा, त्यावर ठोकलेले खवले आणि गुलाबी बेगड. ओढला की डावीकडे-उजवीकडे झुलतो. दुसरा फ्लॅशर, त्याचा थोरला भाऊ, हा नुसता झुलत नाही, गोल गिरक्या घेतो. तिसरी एक माळच, तारेत ओवलेली पाच-सहा चकचकीत पाती, पाण्यातून जाताना छोट्या माशांचा थवा चालल्याचा भास व्हावा म्हणून. कोकणातल्या कुठल्याही लग्नात बेंजो पार्टीच्या पुढे नाचवता आली असती. आणि या सगळ्या थाटामागे वीतभर दोऱ्यावर कोण? नखाएवढा गुलाबी रबरी माकूल, म्हणजे स्क्विड, आणि त्याच्या गरीवर मक्याचा एक पांढरा दाणा.

हा मका साधा नाही. शूपेग नावाचा बारीक, चिवट दाण्यांचा डबाबंद मका, जो मेव्हण्याने आदल्या रात्री लसणाच्या अर्कात आणि टूनाच्या तेलात मुरवून आमच्या फ्रिजमध्ये ठेवला होता. श्रीखंडाच्या शेजारी. याबद्दल बायको काय म्हणाली ते मेव्हण्यालाच ऐकवलं पाहिजे, कारण बहीण त्याची आहे. तिने विचारलेला एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. डॉजर निवडताना मी अर्धा तास गुलाबी की शेंदरी यावर घोळ घालत होतो. ती म्हणाली, "किती खोल सोडणार?" मी म्हटलं, साठ फूट. "तिथे गुलाबी दिसतो?"

पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग विझतो. साठ फुटांवर माझा शेंदरी डॉजर बहुधा राखाडीच दिसणार होता. मी दोन्ही घेतले.

साठ फूट का, तर जुलै. आमच्या तळ्याचं, लेक स्टीव्हन्सचं, वरचं पाणी उन्हाळ्यात तापतं आणि कोकनीला हवं असतं दहा-बारा अंशांचं गार पाणी. तो खाली जातो. मग त्याच्या मागोमाग वरात खाली न्यायला डाउनरिगर. बोटीच्या काठावर एक रहाट, त्याला पोलादी तार, तारेच्या टोकाला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाचा दोरा गोळ्याजवळच्या चिमट्यात धरायचा आणि गोळा साठ फूट सोडायचा. मासा लागला की दोरा चिमट्यातून सुटतो आणि वाकवून ठेवलेली काठी ताडकन सरळ होते. अशा दोन रहाटांवर आमच्या दोन काठ्या. दोघांनी एकेकच वापरायची म्हणून बरं, एकट्याने दोन काठ्या लावायच्या तर या राज्यात लायसन्सवर वेगळी परवानगी विकत घ्यावी लागते.

पहाटे पाचला तळ्यात शिरलो. पूर्वेला कास्केड डोंगर, पाण्यावर धुकं, आणि बोटीत लसूण.

वेग ताशी सव्वा मैल. याहून जोरात गेलं की डॉजर झुलायचा सोडून गरगरतो, हळू गेलं की निपचित लटकतो. ताशी सव्वा मैल म्हणजे पालखीसुद्धा आम्हाला मागे टाकून गेली असती. मेव्हणा डोळे मोबाइलच्या जीपीएसवर लावून होता. "एक पॉइंट तीन झालं, भाऊजी!" असं तो ज्या स्वरात ओरडे, त्या स्वरात लोक गॅस चालू राहिल्याचं सांगतात.

तासभर काही नाही. मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर मात्र साठ फुटांवर कमानीच कमानी. मासे होते. वरात दारावरून जात होती आणि पोरगंसुद्धा खिडकीत येत नव्हतं. मेव्हण्याने डॉजर बदलला. मग दोरा वीतभरावरून दीड वीत केला, मग परत एक वीत. मक्याचे दोन दाणे लावले. मग, गर्दी नको म्हणून, एकच. प्रत्येक बदलाला गोळा साठ फूट वर ओढायचा आणि परत सोडायचा. वर ओढायचं काम भाऊजींकडे होतं.

अशाच एका फेरीत माझा डॉजर वर आला आणि त्यामागे सहा इंची कोकनी. अगदी बिचारा. तो कधी लागला हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण चिमटा मी इतका घट्ट लावला होता की त्याला सोडवण्याइतकी ताकद त्या जिवात नव्हती. बेंजोमागे फरफटत आम्ही त्याला किती वेळ तळं दाखवत होतो देव जाणे. सोडल्यावर तो क्षणभर तसाच थांबला, बहुधा चक्कर येत असावी, मग गेला.

नंतर मेव्हण्याने वळण घ्यायचं ठरवलं. सरळ जाऊ नये, नागमोडी जावं, हे बरोबर आहे. वळणावर आतल्या बाजूचा डॉजर मंदावतो आणि बाहेरचा वेग घेतो, आणि नेमका तो बदल बघून मासा धाव घेतो. पण वळण अंगणभर घ्यायचं असतं. याने ते उंबऱ्यावर घेतलं. दोन्ही तारा एकमेकींना भेटल्या, मग डॉजर भेटले, मग माकूल, आणि आम्ही वर ओढलं तेव्हा वटपौर्णिमेच्या संध्याकाळी वड दिसतो तसं काहीतरी वर आलं. पाऊण तास आम्ही ते सोडवत होतो. शेवटी मेव्हण्याने कात्री काढली. शेंदरी डॉजरला त्याने हात लावू नये असं मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

मोठं वळण, नीट, हळू. आणि काठी ताडकन उभी.

यानंतर घाई करायची पण जोर लावायचा नाही, कारण कोकनीचं तोंड कागदासारखं मऊ असतं. दोरा ढिला पडला की तो गरी थुंकतो, ताणला की ओठ फाटतो. मी गुंडाळतोय, मासा बोटीपासून वीस हातांवर हवेत उडी मारतोय, पाण्यात शिरून गिरक्या घेतोय, मेव्हणा लांब दांड्याची जाळी घेऊन माझ्याच दोऱ्यावर उभा. मग लक्षात आलं, डॉजर काठीच्या टोकाला येऊन अडकला होता. पुढे गुंडाळता येत नाही, आणि त्यापुढे वीतभर दोऱ्यावर मासा लटकतोय. मी काठी उचलून मागे मागे सरकलो, बोट संपली तिथे थांबलो, आणि मेव्हण्याने जाळी खालून घातली.

बारा इंच. चांदीसारखा, पाठ निळी. लाल व्हायला त्याला अजून वेळ होता. तो रंग शेवटी चढतो, ओढ्यात अंडी घालायला जाताना, आणि त्यानंतर मासा मरतो. ओरेगॉनमधल्या वॉलोवा तळ्यात २०१० साली साडेनऊ पौंडांहून मोठा कोकनी मिळाला होता, तो विक्रमाचा. आमचा पाऊण पौंडाचा असेल. आम्ही त्याचे एकोणीस फोटो काढले.

घरी साफ करताना त्याचं पोट चिरलं. आत मक्याचा दाणा नाही, काही नाही, फक्त तुडुंब भरलेला तपकिरी-गुलाबी लगदा, त्या पाण्यातल्या बारीक जिवांचा. म्हणजे याला भूक नव्हतीच. पेज पिऊन, पोटावर हात फिरवून तो साठ फुटांवर निवांत पडला होता. समोरून हे चमचमणारं, ढणढणणारं काहीतरी गेलं आणि हा उठला तो भांडायला. माझ्या वाडीतून कुणाला विचारून चाललात?

हे मी आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"बांधावरून भांडूक इलो?"

"हो."

"मगे तो कोकणीच."

आमच्या काकांनी दोन फुटांच्या गडग्यावरून अठरा वर्षं कोर्टात चपला झिजवल्या, ते बहुधा तिच्या मनात असावं. मी विषय बदलला. म्हटलं, मांस नारिंगी असतं, तेलकट, तुझ्या पद्धतीने आगळ आणि तिरफळ घालून केलं. कोकनीला कोकम. मेव्हण्याने दोनदा भात घेतला.

"आणि टकली?"

मी म्हटलं, डोकं टाकलं, इतकंसं तर होतं.

यापुढे वीस मिनिटं मला फोनवर काही बोलता आलं नाही.