ट्रेडमिलच्या प्लगची जाड पिन कापायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या आठवड्यात अमळनेरहून भाच्याचा फोन आला. "मामा, पट्ट्या तं गयात ना!" त्याची जिम आहे. आठ ट्रेडमिल, प्रत्येकीवर छोटा टीव्ही, आणि महिनाभर त्या टीव्हींवर आडव्या पट्ट्या वर सरकत होत्या. काय केलंस म्हणून विचारलं, तर जिमवाल्यांच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजप्रमाणे आठही थ्री-पिन प्लगच्या जाड पिना त्याने कापून टाकल्या होत्या. आनंदाने सांगत होता. मी २२ वर्षं वायरिंग आणि केबलचं काम करतो. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाने मला न विचारता हे केलं, याचा राग अजून गेलेला नाही.

मेसेज पाच मुद्द्यांचा आहे. एक, पट्ट्या अर्थिंगमधून येतात म्हणून अर्थिंगची जाड पिन काढा. दोन, ईएलसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) असेल तर अर्थिंगची गरजच नाही. तीन, मोटारीच्या चुंबकाने स्क्रीन बिघडते. चार, केबल उपटा, एका राऊटरवर सगळे टीव्ही चालतात. पाच, उन्हाळ्यात दांड्याला हात लावल्यावर चटका बसतो, तो अर्थिंगचा करंट.

पहिल्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करावं लागतं: पिन कापली की पट्ट्या जातात. म्हणूनच लोक फसतात. भाच्याच्या ऑफिसात सेट टॉप बॉक्स आणि मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र केबलवरच्या चॅनलमध्ये बदलणारं यंत्र) आहेत, तिथून एकच वायर फुटत फुटत आठ ट्रेडमिलना जाते. केबलवाल्याच्या वायरीत आतल्या तारेभोवती असलेली धातूची जाळी बाहेर खांबाकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली, ट्रेडमिलचा सांगाडा जिमच्या अर्थिंगला. दोन अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी ५० हर्ट्झचा करंट त्या जाळीतून फिरत राहतो. टीव्हीचं जुन्या पद्धतीचं चित्रही सेकंदाला ५० वेळा रेखलं जातं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण अगदी सारखे नाहीत, म्हणून पट्टी एका जागी न थांबता हळूहळू सरकते. पिन कापली की हा फेरा तुटतो.

पण त्यानंतर काय उरतं? सांगाड्याला जमिनीकडे जायला एकच वाट उरते, केबलची ती बारीक जाळी. ती सिग्नलसाठी विणलेली आहे. मोटारीकडे जाणाऱ्या फेजचं इन्सुलेशन घासलं (ट्रेडमिल चढ घेताना खालच्या वायरी रोज वाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय) आणि ती लोखंडाला टेकली, तर सगळा करंट त्या जाळीतून जाणार. जाळी जळेल, किंवा तिने एकमेकींना जोडलेल्या आठही ट्रेडमिलमध्ये एकदम करंट उतरेल. फॉल्ट नसतानाही, केबलवाल्याने दुरुस्तीसाठी कनेक्टर सोडला की ट्रेडमिलच्या आत खरखर गाळायला बसवलेल्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे सांगाड्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. झिणझिण्या त्याच्याच. आणि दांडा धरणारा माणूस घामाने निथळत असतो. ओल्या कातडीचा विरोध कोरड्या कातडीच्या कितीतरी खाली येतो.

जाड पिन मुद्दाम लांब केलेली असते. प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, एवढ्यासाठी. आपल्या देशाचा अर्थिंगचा संहिताग्रंथ आयएस ३०४३ आहे, २०१८ मध्ये सुधारलेला. हात लागू शकेल असा उपकरणाचा धातूचा भाग अर्थला जोडलेला हवा, म्हणजे फॉल्ट होताच पुरवठा तुटेल, हा त्याचा पाया. त्यात टीव्हीच्या पट्ट्यांसाठी सूट नाही.

ईएलसीबीचं म्हणणं तर मला पहिल्यापेक्षाही वाईट वाटतं, कारण ते शहाण्यासारखं ऐकू येतं. आज आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो ती बहुतेक ठिकाणी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असते. अर्थिंग असेल तर फॉल्ट होताक्षणी करंट जमिनीत जातो आणि ती पडते, म्हणजे पुरवठा तोडते, तेव्हा कुणाचा हातही लागलेला नसतो. अर्थिंग नसेल तर ती पडण्यासाठी करंटला कुणाच्या तरी अंगातून जावं लागतं. ते अंग कुणाचं? सकाळी सहाला येणाऱ्या बायकांपैकी एखादीचं. भाच्याच्या बोर्डावर आरसीसीबी होती. टेस्टचं बटण दाबलं तर पडलीच नाही.

चुंबकाचं म्हणणं जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातलं. एलसीडीला मोटारीच्या चुंबकाने काही होत नाही. मोटार चालवणाऱ्या सर्किटचा खरखराट मात्र सिग्नलमध्ये शिरतो, तेवढं खरं.

राऊटर लावायचा असेल तर लावा. पण चांगल्या चित्राला प्रत्येक टीव्ही साधारण ५ एमबीपीएस खातो, आठांचे ४० झाले, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वर जिममधल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. हलणाऱ्या यंत्रावरही केबल चालते, फक्त कनेक्टर नीट आवळलेला हवा आणि केबल फोडणाऱ्या स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडांना ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल उलटा फिरू न देणारं टोपण, हवा.

चटक्याचं कारण आपली कोरडी हवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, पट्टा आणि बूट घासून अंगावर स्थिर वीज साठते आणि लोखंडाला बोट लावताच सुटते. त्याच दिवसांत काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि अर्थिंग कमजोर होतं. केळीच्या बागेतला शेतकरी मोटारीच्या अर्थिंगला पाणी घालतो. जिमवाल्याला खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं.

रविवारी अमळनेरला गेलो. आठही प्लग नवे लावले, आरसीसीबी बदलली, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. केबल जिथे इमारतीत शिरते तिथेच तिची जाळी जिमच्या अर्थिंगला जोडली आणि त्या जागी सिग्नलसाठीचा आयसोलेटर घातला, जो सिग्नल जाऊ देतो पण जाळीतला ५० हर्ट्झचा करंट अडवतो. सात टीव्हींच्या पट्ट्या गेल्या. आठवीचा कनेक्टर चढाच्या मोटारीपाशी चेपलाय, तो या आठवड्यात बदलेन.

भाच्याने तो मेसेज तिघांना पुढे पाठवला होता. दोघांनी प्लग बदलले. तिसरा नंदुरबारचा, फोन उचलत नाही. उद्या पहिल्या गाडीने भाचा तिकडे जातोय, नवे प्लग घेऊन.